वारुळाची माती आणि ताईची परवानगी

पर्पेचुआताई, तुला आठवत असेल. आई घरामागच्या वारुळाभोवती केळीची पाने अंथरायची आणि भर दुपारी आपण दोघी काठ्यांनी फळीवर टकटक करत बसायचो. मुंग्यांना वाटायचे पाऊस आला. त्या पंख पसरून बाहेर पडायच्या आणि तू मूठ भरून तोंडात टाकायचीस. मी टकटक थांबवायची नाही, म्हणून माझ्या वाट्याला कमी यायच्या.

हे आधी लिहिले, कारण पुढचा घोळ त्याच वारुळाचा आहे. आता रीतसर.

मी, स्कोलास्टिका नाम्पीमा, वय सदुसष्ट, अविवाहित, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार किबांडा, मसाका जिल्हा, युगांडा, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने लिहीत नाही. डोके शाबूत आहे. हृदयाची एक झडप शाबूत नाही, म्हणून डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली आहे. तरी मी गुरुवारच्या बसने मलावीला जाणार. तिथल्या तीस शिक्षकांना क्रिकेट शिकवायचे कबूल केले आहे. पिशवी चार वेळा भरली, चार वेळा उपसली. हा कागद पुरा होईपर्यंत मला एका जागी बसवत नाही, आणि नंतर बसवेल असेही नाही.

१. राहते घर ताईची मुलगी इमेल्डा हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. स्वयंपाकघराचा पत्रा गळतो, तो आधी बदलावा.

२. आठ बॅटी, स्टंप आणि शिट्टी शाळेला. मात्र कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात राहू नये. एकदा त्यांनी बॅटी वर्षभर कुलपात ठेवल्या होत्या, का तर झिजतील म्हणून.

३. मैदान. इथे मी दोनदा खाडाखोड केली आहे. त्या प्रत्येक जागी माझी सही आहे.

पंधरा वर्षांपूर्वी डेरेक नावाचा एक निवृत्त पोस्टमन विलायतेहून दोन आठवड्यांसाठी आम्हा शिक्षकांना क्रिकेट शिकवायला आला. पहिल्या दिवशी त्याने एक बोट वर केले. आमच्या वर्गात पोरे लघवीला जायचे असले की असे बोट वर करतात. गणिताचे किझ्झा सर म्हणाले, "जा की, विचारताय काय?" डेरेकने समजावले, याचा अर्थ आउट. सर म्हणाले, "तेच म्हणतोय, बाहेर जा."

आमच्या मातीत चेंडू उसळेना. डेरेक सिमेंटचे बोलू लागला. मी म्हटले, माझी आई वारुळाची माती आणि शेण घालून जमीन सारवायची, ती दगडासारखी व्हायची. आणि मी कुदळ उचलली. आमच्याकडे वारूळ जमिनीहून वेगळे वारशाने देतात. आईने ही मैदानाची जमीन मला दिली होती, तिच्यावरचे वारूळ ताईला. मी तिला विचारले नाही. खोल खणले, आतली राणी मुंगी मेली. खेळपट्टी झकास झाली. पुढच्या पावसाळ्यात एकही मुंगी उडाली नाही, आणि तेव्हापासून ताई मैदान टाळून लांबच्या वाटेने चर्चला जाते.

गेल्या रविवारी मी मलावीचे सांगायला तिच्याकडे गेले. ती केळी सोलत होती. मान वर न करता तिने किती लांब आहे ते विचारले. तीन दिवस, मी म्हटले.

"लांबच्या माणसांना शिकवायला तीन दिवस बसमध्ये बसशील. माझं दार मैदानापासून किती पावलांवर आहे गं?"

असतील दोनशे, मी म्हटले.

"पंधरा वर्षांत एकदा तरी म्हणालीस, ताई, बॅट धरून बघतेस का?"

मी म्हटले, मला वाटले तू रागावली आहेस.

"रागावलेच होते. रागावलेल्या माणसाला विचारायचं नसतं का?"

दुसरी सुरी घेऊन मी सोलायला बसले. मी सालीबरोबर निम्मे केळे घालवते, असे ती म्हणाली.

म्हणून, मैदानाची सगळी जमीन, खेळपट्टीसह, माझी थोरली बहीण पर्पेचुआ हिला. मी आधी शाळेचे नाव लिहिले होते, ते खोडले आहे. 'फक्त खेळासाठी' अशी अट घाल, असे इमेल्डा सांगते. मी ती घालून पाहिली आणि तीही खोडली. ताईची वस्तू मी एकदा न विचारता वापरली. आता तिच्या जमिनीवर तिने काय करावे हे मी मेल्यावरही सांगत बसणार नाही. तिला वाल पेरायचे तर पेरावेत.

मंगळवारी आणि शनिवारी खेळायला येणाऱ्या मुलींनी आधी ताईच्या दारी जावे, गुडघे टेकून नीट ख्यालीखुशाली विचारावी आणि मग परवानगी मागावी. नाही म्हणाली तर मुकाट घरी जावे. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावे.

४. मी मलावीत वारले तर मला तिथेच पुरावे. मला परत आणायला गावाला वर्गणी काढायला लावू नये.

५. नववी बॅट, सर्वांत हलकी, शाळेला नाही. ती ताईला. ताई डावखुरी आहे. मठाच्या शाळेत सिस्टर मंडळींनी तिचा डावा हात कमरपट्ट्याला बांधून उजव्याने लिहायला लावले, पण सुरी ती अजून डाव्यानेच धरते. इमेल्डाने तिला खेळायला शिकवावे, पण उजव्या हाताच्यांसारखे उभे करू नये, उलट बाजूने उभे करावे. मी परत आले तर या कलमातले इमेल्डाचे नाव रद्द समजावे. ते काम माझे.

सही: स्कोलास्टिका नाम्पीमा

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. आन्सेल्म किझ्झा, निवृत्त शिक्षक
२. लुक्रेशिया नान्तेझा, परिचारिका

किबांडा, मंगळवार, १८ जुलै २०२३