पोट बरं झालं की

३ मार्च
आणि वर ताई मलाच म्हणते, तुला काळीज नाही. काळजाचा इथे संबंधच काय? माझं पोट बिघडलंय. ताईला हजारदा सांगून झालं. थंडीत बाबा गेले तेव्हाही सांगितलं होतं, असलं पोट घेऊन विमानात बसता येत नाही. तेव्हा तिने फोन आपटला होता. आज परत आपटला. म्हणे आई जेवत नाही, एकदा तोंड दाखवून जा. मी काय डॉक्टर आहे?

पोट बिघडलं तेही बाबा गेले त्याच आठवड्यात. पण त्याचा काही संबंध नाही. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये उकडलेलं अंडं खाल्लं होतं. माझा संशय अंड्यावर आहे.

४ मार्च, सकाळ
व्हिडिओ पाहिला. पांढऱ्या कोटातला डॉक्टर. पोट म्हणजे दुसरा मेंदू, म्हणाला. झोप न लागणं, चिडचिड, उगाच रडू येणं, बऱ्याच गोष्टींचं मूळ आतड्यात असू शकतं. आत चांगले जंतू असतात आणि वाईट जंतू. वाईट माजले की माणूस खचतो. शाळा सातवीत सुटली, पण हे लख्ख समजलं. मला दुःखबिख काही झालेलं नाही. जंतू आहेत.

आजपासून रोज दही. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. चहा बंद. महिन्याभरात पोट ठणठणीत, की लगेच घरी. तिकिटाचे एकतीस हजार सहाशे दुधाच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात वेगळे ठेवलेत. त्यांना हात लावायचा नाही.

४ मार्च, संध्याकाळ
चहा घेतला. एकदम बंद केला तर चांगल्या जंतूंनाही धक्का बसेल.

७ मार्च
दह्याची सोय झाली, तीही फुकटात. आमच्या शेडमध्ये विमानातले जेवणाचे ट्रे धुवायला येतात. उष्टं पिंपात, ट्रे पट्ट्यावर, हे माझं काम. न उघडलेली दह्याची डबीसुद्धा फेकायची असा नियम आहे. मी खिशात टाकतो. हे औषध आहे, चोरी नाही.

एक गंमत लक्षात आली. बाकीच्या विमानांतले लोक चमचासुद्धा चाटून ठेवतात. आपल्या देशातून इकडे येणाऱ्या विमानातले ट्रे मात्र जसेच्या तसे परत. झाकणंही उघडलेली नसतात. नॅपकिन तेवढे चुरगाळलेले आणि ओले. तिकडचा स्वयंपाकी अगदीच टाकाऊ असणार. माझा फायदाच.

१० मार्च
आईला फोन केला. दही, चावणं, जंतू, सगळं नीट समजावलं. ती प्रत्येक वाक्याला बरं म्हणाली. मग विचारलं, तू जेवलास का? म्हटलं, बत्तीस वेळा चावून. तर म्हणते, चेष्टा पुरे, तू आलास की तुझ्यासोबत बसून जेवेन. मी म्हटलं, आई, असं नसतं, जंतू कुणासाठी थांबत नाहीत.

मग म्हणाली, अजून चुकून दोन ताटं घेते रे. मी सांगितलं, विसरायला होतं तेही पोटामुळेच.

रात्रभर पोटात गोळा. फोन करताना जिन्याच्या थंड पायरीवर बसलो होतो, त्याने झालं असणार.

१५ मार्च
चावता चावता जेवणाची सुट्टी संपते. अर्धा डबा तसाच परत येतो. खोलीतले प्लंबरकाका म्हणाले, म्हैससुद्धा एवढा रवंथ करत नाही रे. मी त्यांना जंतूंचं समजावलं. ते म्हणाले, आयुष्य तुंबलेले पाइप मोकळे करण्यात गेलं माझं, तुझ्या पोटात तिकीट अडकलंय.

माणूस चांगला आहे, पण व्हिडिओ बघत नाही.

१८ मार्च
रजा मंजूर. मुकादमबाईंनी कारण विचारलं. म्हटलं, वडील वारले. कधी, म्हणाल्या. म्हटलं, थंडीत. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि सही केली. डोळे पाणावले होते. त्यांचंही पोट बरं नसावं.

२० मार्च
तिकीट काढायला गेलो. पैशांचा डबा सोबत घेऊनच. खिडकीवरच्या मुलीने नाव लिहिलं, तारीख लिहिली. म्हणाली, घरच्या कुणाचा तरी नंबर सांगा. मी सवयीने बाबांचा सांगायला लागलो. पाच आकडे सांगितले आणि अशी कळ आली की तसाच बाहेर पळालो, समोरच्या पेट्रोल पंपाच्या संडासात.

दही आंबट निघालं असणार. तरी खिडकीपर्यंत पोचलो, ही प्रगतीच म्हणायची. उरलेले पाच आकडे अजून तोंडात आहेत.

२४ मार्च
ताईचा फोन. आईला दवाखान्यात ठेवलंय, सलाइन लावलंय. ताई ओरडली नाही. तुला जमेल तसं बघ, एवढंच म्हणाली. ती ओरडत नाही म्हटल्यावर मी पलंगाखालची बॅग ओढली.

बॅग भरली. उद्या तिकीट काढून जाणार म्हणजे जाणार. पोट असो नाहीतर नसो.

२५ मार्च
सकाळपासून संडासाच्या फेऱ्या. निघायच्या आधी म्हटलं आईशी बोलावं. ताईने फोन तिच्या कानाला लावला.

आईचा आवाज अगदी बारीक. पहिलं हेच विचारलं, पोट कसंय बाळा? म्हटलं, बरं नाही गं. म्हणाली, मग कशाला एवढा प्रवास, नको येऊस. मी जेवले आज. दही खाल्लं. बत्तीस वेळा चावून.

बघा! गुण आला. मागून ताई म्हणाली, कुठलं दही गं आई? की असंच काहीतरी ऐकू आलं. लाइन खराब होती.

फोन ठेवला आणि पोट दुखायचं थांबलं. एकदम. रडू तेवढं आलं, पण ते आतड्यातूनच येतं. काकांनी भरलेली बॅग पाहिली. आपला चहा माझ्यापुढे सरकवला. घेतला.

२६ मार्च
रजा रद्द करून आलो. मुकादमबाईंनी कारण विचारलं नाही.

दुपारी आपल्याकडच्या विमानाचे ट्रे आले. जसेच्या तसे. एक डबी उघडली, पण घास उतरेना. नियमाप्रमाणे पिंपात टाकली.

पोट बरं झालं की जाणारच आहे. तोवर आईच्या औषधपाण्याला लागतील म्हणून ताईला पाठवतोय, एकतीस हजार सहाशे.