धोंडामावशीची ओवी

१२ जानेवारी १९५५

इंदिराची तबकडी आली! दोन्ही बाजूंना ती एकटीच. आजवर बिचारी कोरसात मागं उभी राहून गायची; आता बारामतीतल्या प्रत्येक हॉटेलात तिचाच आवाज. कोर्टाच्या बाररूममध्ये मला लोक 'इंदिराबाईंचे यजमान' म्हणायला लागलेत. इतकी वर्षं वकिली करून मिळालेली ही पदवी! रागावलो नाही. थोडासा रागावलो.

२ फेब्रुवारी

लासुर्ण्याहून धोंडामावशी आली. इंदिराची आई गेल्यावर हिनंच तिला वाढवलं. वांग्यांची पाटी खाली ठेवली न ठेवली तोच म्हणाली, "जावईबापू, बाजारात माजं गानं वाजतंया. त्यात ही राधा कोन?"

गाणं मावशीचंच. आमच्या लग्नात हळद दळताना तिनं जात्यावर रचलेलं —

सासरच्या वाटंवर इंदू मागं गं पाहती
कालव्याच्या पाण्यापरी माजी नजर वाहती

मुंबईच्या संगीतकारानं ते इंदिराकडून ऐकलं, इंदूची राधा केली आणि तबकडीवर कवी म्हणून नाव छापलं आपल्या मेव्हण्याचं! इंदिरा रडवेली. "मी सांगितलं होतं हो, मावशीचं आहे म्हणून. ते म्हणाले, बघू." बघितलं!

मावशीला पैसे नकोत. "माजं नाव घाला आन माज्या इंदूला परत आना. येवढंच." मी म्हटलं, झालंच समजा. तेही छाती फुगवून.

२१ फेब्रुवारी

पुणे. तबकडी काढणाऱ्या कंपनीचे वकील म्हणाले, बाईंचं गाणं आहे ना, मग गाऊन दाखवू द्या. मला वाटलं, जिंकलो!

समोर टाइप करणारी मुलगी बसलेली. मावशीनं आधी तिचं नाव विचारलं, माहेर विचारलं, भावाचं नाव विचारलं. मग डोळे मिटून गायली — त्या मुलीचं! इंदू गेली, मंदाकिनी आली. कालवा गेला, साताऱ्याची कृष्णा आली. भाऊ आनंद न्यायला आला. मुलगी ढसाढसा रडली. वकील शांतपणे म्हणाले, "सुंदर. पण तबकडीतलं गाणं कुठंय?" पुढच्या महिन्यात पुन्हा या म्हणाले.

एसटीत मी मावशीवर चिडलो. ती म्हणाली, "म्होरं बसल्याल्या पोरीला सोडून दुसरीचं कसं गावं? जात्यावर आसंच आसतंय."

कायद्यात नसतं, मावशी!

४ मार्च

ग्रामोफोन मागून आणला. मावशीला इथंच ठेवून घेतलंय. तबकडी लावायची, मागोमाग म्हणायचं. एक शब्द इकडचा तिकडं झाला, की ते म्हणणार हे गाणं वेगळं.

"राधा बी तशीच म्हनू?"

"तशीच."

मावशीनं पुन्हा तबकडीकडं कान लावला. मग तशीच म्हटली — राधा.

इंदिरा स्वयंपाकघराचं दार लावून घेते. "बंद करा हो ते. माझाच आवाज मला नकोसा झालाय." मग करू काय? दुसरा रस्ता असेल तर मला दिसत नाही.

१९ मार्च

हरलो. मावशी तंतोतंत गायली. तबकडीत इंदिरा जिथं श्वास घेते तिथं श्वाससुद्धा घेतला. कंपनीचे वकील हसले — "बाईंनी आमची तबकडी छान पाठ केलीय हो!"

मी कागद गोळा केले.

२० मार्च

कोर्टात जावं, तर घरच्यांच्या साक्षीशिवाय पुरावा कुठला? दोनदा गायली, दोन्ही वेळा आमच्याच विरुद्ध. इंदिराला दुसऱ्या तबकडीचं बोलावणं आलंय. तिनं नकार कळवला. मी जा म्हटलं नाही, जाऊ नको म्हटलं नाही. डोकंच चालत नाही.

८ मे, लासुर्णे

मावशीच्या नातीचं, बानूचं लग्न. सकाळी बायका हळद दळायला बसल्या. मी दारातच उभा होतो. बानू जात्यापुढं, मान खाली घालून. बायका म्हणाल्या, "धोंडाबाई, घ्या आता पोरीला गान्यात!"

मावशीनं सूर लावला — राधा. थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा राधाच. श्वासही तिथंच.

जात्याच्या खुंट्यावरचा हात तसाच ठेवून तिनं माझ्याकडं पाहिलं. "जावईबापू, बानूचं नाव तोंडात येतच न्हाय हो."