सात नंबरचा चिमटा

३ जून
प्रयोगशाळेत नवी नोकरी, स्वतःचं टेबल आणि समोर प्रवाळांच्या अकरा टाक्या! बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कॉलेजात आल्यासारखं वाटतंय. टाक्या सांभाळणाऱ्या मामांनी पहिल्याच तासाला बजावलं की प्रत्येक टाकीचा चिमटा वेगळा; चुकलात तर वहीत लिहा, इथे कुणी कुणाला खात नाही. घरी धाकट्या बहिणीने विचारलं, दगड पाळायला एवढं शिकावं लागतं का गं ताई?

९ जून
सात नंबरमधल्या प्रवाळाला मुद्दाम जंतूंची लागण केली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. जंतू शिरला की पेशी फुगते, स्वतःच्याच आवरणाला भोकं पाडते आणि फुटते. फुटता फुटता शेजारच्या पेशींना सावध करते. मामा म्हणाले, मरते, पण गप्प बसत नाही.

१४ जून
सातचा चिमटा चारमध्ये बुडवला. त्याचंच टोक बोटाला लागलं. वही उघडली, पेन उघडलं, आणि दोन्ही मिटलं. पंधरा दिवसही झाले नाहीत, लगेच नाव खराब कशाला? उद्या लिहीन.

१९ जून
चारमधलं वीस वर्षं वाढवलेलं प्रवाळ पांढरंफटक पडलं. साहेबांनी मामांना बोलावलं. मामांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, वय झालं साहेब, माझ्याच हातून झालं असेल. त्यांना आजच काढून टाकलं. मी त्यांची पिशवी फाटकापर्यंत नेली. तेवढा चांगुलपणा मला जमला.

२२ जून
बोटावर पांढरं कडं. दुखत नाही. सुटलेली कातडी भिंगाखाली धरली. पेशी फुगताहेत, फुटताहेत. माझं शरीर माझ्यापेक्षा प्रामाणिक निघालं.

२३ जून
तळव्याची कातडी गेली. खाली रक्त नाही, मांस नाही. पांढरं, टणक, बारीक भोकाभोकांचं. डॉक्टरांना दाखवायचं तर चिमट्याचं सांगावं लागेल. हातमोजा घातला. धाकटीला ॲलर्जी म्हणून सांगितलं. सकाळी मात्र दोघींनी एकाच टॉवेलला —

२४ जून
धाकटीच्या हनुवटीवर पांढरा ठिपका. पावडर राहिली वाटतं, म्हणून हसली.
मी तेव्हाही —

संध्याकाळ
डाव्या हाताने लिहितेय. चिमटा मी बुडवला. मामांचा दोष नाही. धाकटे, टॉवेल जाळ, आधी डॉक्टरकडे —
धाकटी दार वाजवतेय. ताई, बोल ना गं काहीतरी —
बोलायचंय. आता सगळं बोलायचंय. जबडा दगडासारखा — तोंड उघडत ना