सैल मुखवटा

स्फाक्स, १७ मार्च

ति. नायलाताईस, सलाम आणि सा. न. वि. वि.

घशाने संप पुकारलाय, म्हणून फोनऐवजी हे पत्र गाडीवाल्या सालेमच्या हाती देतो.

नाकामागच्या आणि मानेत उतरलेल्या गाठींवर रोज किरण चालू आहेत, जोडीला शिरेतून ते नवं औषध, शरीराच्याच शिपायांना जागं करणारं. दोन्ही एकत्र देण्याच्या प्रयोगात मला घेतलं, तेव्हा तू गल्लीभर खजूर भरलेले गोड मकरूद वाटले होतेस. आज घोटाळा झाला. डोकं हलू नये म्हणून तोंडामानेवर जाळीचा मुखवटा बसवतात, तो मानेपाशी सैल लागला. तंत्रज्ञ हादी म्हणाले, भाऊ, लपून रोजे धरता ना? वजन घटलं असेल तर उपचार थांबवावे लागतील. मी नाही म्हणालो. कुणाचा विश्वास बसला नाही. किरण न देताच घरी पाठवलं. उद्या वजन आणि स्कॅन. झोहरामावशी भडकली आहे. माझ्या घरात पोर उपाशी राहतं असं बोलायची हिंमत कशी झाली, म्हणते.

तुझा, मुन्सिफ

गाबेस, १८ मार्च

चि. मुन्सिफ यास अनेक आशीर्वाद.

खरं सांग, रोजे धरतोस? आजाऱ्याला सूट असते हे तूच वर्गात शिकवतोस, आणि तापातही हट्टाने रोजा धरणारा तूच. हे लिहिलं आणि स्वतःलाच विचारलं, मी काळजीने रागावते आहे की भीतीने? तू उपाशी नसशील, तर गाठच तुला खाते आहे असं होईल. ते मानवत नाही, म्हणून संशय धरून बसले आहे. रोजा असेल तर सोड रे, पाप माझ्या माथी. मावशीचं सूप गाळून तरी पी.

वाटेकडे डोळे लावलेली, नायला

स्फाक्स, १९ मार्च

ताई, सलाम. अक्षराला हसू नकोस, घाईत लिहितोय.

वजन जिथल्या तिथे! डॉक्टर बूथैनांनी जुनं-नवं स्कॅन शेजारी लावलं, पुन्हा पुन्हा बघितलं, आणि सरळ माझी मान चाचपली. मानेतल्या गाठी विरघळल्यात, म्हणून मुखवटा सैल! नाकामागचीही आक्रसली आहे. औषधाने की किरणांनी, मी कागदावर लिहून विचारलं. म्हणाल्या, जोडी जमलेली दिसते, पण श्रेय वाटायची घाई नको, उपचार पुरे करायचेत. नवा मुखवटा घडवला, परवापासून पुन्हा किरण.

मावशीने तिथेच, लग्नात काढतात तशी जिभेची लांब किलकारी काढली. रांगेतल्या बायकांनी विचारलं, लग्न कुणाचं? मावशी म्हणाली, याचंच, मुलगी तेवढी शोधायची आहे. लगेच तिघींनी भाच्या सुचवल्या.

ताई, मिळेल त्या गाडीने ये. मला बोलता येत नाही आणि मावशी होकार देत सुटली आहे.

तुझ्या मायेचा हक्कदार, मुन्सिफ