विटकरी छातीचा पक्षी

ता. ४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी इकडे ठीक आहे. तुम्ही तिकडे ठीकच असणार, कारण परवा दिवसभर उचक्या लागत होत्या. एवढी आठवण काढायला तुला ताकद आहे म्हणजे तब्येत चांगलीच असेल.

आधी नोकरीचं सांगतो, नाहीतर पुढचं तू वाचायची नाहीस. नोकरी चालू आहे. पाच महिने झाले. कापड रंगवतो त्या खात्यात मी आता हौदावर आहे. रंग कालवायचा, कापड बुडवायचं, वर काढायचं, नमुन्याचा तुकडा दिव्याच्या पेटीत शेडकार्डाशेजारी, म्हणजे नंबरवार रंगांच्या पट्टीशेजारी, धरायचा आणि रंग जुळला का ते बघायचं. पाळी बदलताना हौदामागचं लोखंडी चाक फिरवून उरलेलं पाणी चरात सोडून द्यायचं. फोरमनसाहेब दाजींचे मित्र म्हणून मला सांभाळून घेतात. म्हणजे शिव्या घालतात, पण हळू आवाजात.

आता खरी बातमी. मला पाखरांचा नाद लागलाय. हसू नकोस. माझ्या खोलीतला जोडीदार लंबू ट्रक चालवतो. त्याने एका रविवारी मला कारखान्यामागच्या तळ्यावर नेलं. तिथे चौकातले चष्म्याच्या दुकानवाले काका असतात आणि दवाखान्यातल्या नर्सबाई. या दिवसांत कुठल्या कुठल्या थंड मुलखातली पाखरं इथे उतरतात. आपण गवतात बसायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही. नर्सबाई म्हणाल्या की या पोराला सुई टोचायची वेळ आली तर चौघांनी धरावं लागेल.

पण काल मी एक पाखरू पाहिलं ताई! शेकाट्या म्हणून एक पक्षी असतो, काडीसारखे लांब गुलाबी पाय, पाठ काळी, छाती पांढरी. हा तसाच, पण छाती विटकरी. काकांच्या जाडजूड पुस्तकात असला पक्षीच नाही. आणि नेमका लंबू शिंकला. तो शिंकला की ट्रकचा हॉर्न बरा. पाखरू भुर्र. काकांचा नियम असा की फोटो असला तरच वहीत नोंद, नुसत्या तोंडाच्या गोष्टीला किंमत नाही. त्यांनी त्यांचा जुना कॅमेरा मला महिनाभर वापरायला दिलाय. पक्षी नवा निघाला तर पाखरंवाल्यांच्या मासिकात फोटो छापतील, खाली माझं नाव. सातवीत नापास होऊन घरी बसलेला मी, नाव कधी हजेरीपटाबाहेर गेलं नाही. तो फोटो मी काढणारच.

दाजींना नमस्कार. माया आहेच, ती तशीच ठेव.
तुझा,
भोवरा


ता. १२ ऑक्टोबर

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दाजींना वाचून दाखवलं. गवतात न हलता बसायचं, हे आलं तिथे ते म्हणाले की पुन्हा वाच, दुसऱ्या कुणाचं पत्र आलंय. तुझे केस कापायला न्हाव्याला तीन बैठका लागायच्या, विसरलास?

नाद कर, पण नोकरी सांभाळून. भट्टीवरून पळालास, गोदामातून पळालास, बाकीच्या तीन मोजत नाही. ही सहावी. दाजी आयुष्यात कुणाकडे काही मागायला गेले नाहीत, तुझ्यासाठी फोरमनकडे गेले, पोरगा टिकेल म्हणून शब्द दिला. आता त्यांना मान खाली घालायला लावशील तर माझ्याशी गाठ आहे.

माझ्या शिवणाच्या दुकानात सध्या खूप काम आहे, डोळे दुखतात. तुझ्या काकांना चष्म्याचं विचार. आणि फोटो छापून आला की कात्रण पाठव. दुकानात मशीनसमोर लावीन, गिऱ्हाईक विचारो न विचारो, सांगेन.

जेवत जा. पत्र टाकत जा.
तुझी,
ताई


ता. २० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. शक्यतो दाजी घरी असताना.

फोटो मिळाला. रविवारी पहाटेपासून चार तास चिखलात पालथा पडून होतो. मुंगळा चावला, हललो नाही. विटकरी छातीचा पक्षी समोर आला, पाण्यात चोच घालून वर झाला आणि मी बटण दाबलं. काकांनी त्याच दिवशी फोटो मोठा छापून आणला. त्यांनी दुकान अर्ध्या दिवसाने बंद केलं. नर्सबाईंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की खोकला आला. लंबू सगळ्यांना सांगत सुटला की आपण शिंकलो नसतो तर हा पेटलाच नसता.

सोमवारी फोटो खिशात घालून कामावर गेलो. तिथे मिरवायचा होता. पण सवय वाईट. विटकरी रंग बघितला आणि हात आपोआप दिव्याच्या पेटीकडे गेला. फोटो शेडकार्डाशेजारी धरला. ताई, जुळला. सातशे बारा नंबरची विटकरी. सप्टेंबरभर आम्ही हाच रंग काढत होतो. तरी म्हटलं, फोटोवर भरवसा नको. सुटी झाल्यावर चर धरून चालत गेलो. हौदापासून निघालेला चर वळून वळून थेट त्या तळ्यात उतरतो, आणि काठच्या दगडांवर तोच थर आहे, बोटाला लागतो.

ते पाखरू नवं नाही. नेहमीचा शेकाट्या आहे. तो मीच रंगवलाय. चाक फिरवणारा मी.

ते पाणी आधी शुद्धीच्या टाकीत जायला हवं, तसा दुसरा नळ आहे. फोरमनसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले की टाकीत घालायचं तर हौद दोन तास अडकतो, तुझ्याआधी आठ जणांनी चाक फिरवलं, कुणाच्या पोटात दुखलं नाही. मी म्हटलं, माझ्या दुखतंय, मी फिरवणार नाही. त्यांनी मला हौदावरून काढून हातात झाडू दिला. महिनाअखेरपर्यंत विचार कर म्हणाले, नाहीतर घरचा रस्ता धर, आणि दाजींना काय सांगायचं ते तूच सांग.

म्हणून सांगतोय. त्या संध्याकाळी पिशवी भरली होती, तुझ्यापासून काय लपवायचं. मग मीच पिशवी उपसली. मी गेलो तर उद्या दुसरा कुणी ते चाक फिरवील. काकांनाही सांगितलं की फोटो मासिकाला पाठवू नका. त्यांनी चष्मा काढून खूप वेळ पुसला.

मी नोकरी सोडणार नाही आणि चाकही फिरवणार नाही. दाजी रागावले तर माझ्या वाटचं तू ऐकून घे.
तुझा,
भोवरा


ता. २७ ऑक्टोबर

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

दाजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी हात धुता धुता म्हणाले की मी शब्द दिला तो पोरगा काम करील म्हणून, आंधळा होईल म्हणून नव्हे. एवढंच. मग टॉवेल माझ्या अंगावर टाकून बाहेर गेले. फोरमनना त्यांनी वेगळं पत्र घातलंय, त्यात काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. कारखान्यावाल्यांनी काढलं तर सरळ घरी ये, दार उघडं आहे. पण आपण होऊन सोडू नकोस. तू सोडलीस की ते म्हणतील, पळपुटाच होता, पळाला. यावेळी त्यांना काढू दे.

एकटा भांडू नकोस. त्या तिघांना सोबत घे. नर्सबाईंना पुढे कर, बाईमाणसाला हाकलताना लोक दोनदा विचार करतात.

काळजीत, पण तुझ्याच बाजूची,
ताई


ता. ८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं ते सांगतो. महिनाअखेर उलटली, तरी फोरमनसाहेबांनी मला घरी पाठवलं नाही.

आम्ही दोन रविवार एकही पाखरू सोडलं नाही. विटकरी छातीचे अकरा शेकाटे निघाले. सगळ्यांचे फोटो काढले. शुक्रवारी चौघं मोठ्या कचेरीत गेलो. नर्सबाई पुढे. शिपाई अडवायला आला तेव्हा त्यांनी त्याला घसा दाखव म्हणून सांगितलं आणि त्याने खरंच तोंड उघडलं! तेवढ्यात आम्ही आत.

मालकांनी फोटो पाहिले, शेडकार्ड पाहिलं, फोरमनना बोलावलं आणि विचारलं की पाणी कोण सोडतं. फोरमनसाहेबांनी आठ जणांपैकी कुणाचंही नाव घेतलं असतं. मी म्हटलं, मी सोडत होतो, पाच महिने. आता सोडत नाही.

मालक खूष झाले नाहीत. पण काकांनी शांतपणे सांगितलं की हेच फोटो मासिकालाही जाऊ शकतात, यावेळी खाली कारखान्याचं नाव घालून. शनिवारी चाकाला साखळी घालून कुलूप लावलं. पाणी आता टाकीत जातं. मी स्वतः जाऊन पाहिलं, चर कोरडा आहे. मला हौदावर परत घेतलं नाही. गठ्ठे उचलायला घातलंय, पाठ मोडते. फोरमनसाहेब माझ्याशी बोलत नाहीत, काय सांगायचं ते दुसऱ्याकरवी सांगतात. पण काढलं नाही. दाजींनी काय लिहिलं होतं ते विचार ना.

वहीत अकराही पाखरं शेकाट्या म्हणून चढवली, नवीन काही नाही. तुझं कात्रण राहिलं.

अंगावरचा रंग धुतला जात नाही म्हणे. जुनं पीस गळून नवं यावं लागतं. काल रविवारी पुन्हा मोजले. विटकरी नऊ दिसले. उरलेले दोन पुढे उडून गेले, मेले, की पांढरे झाले, ते काकांनाही सांगता येईना. ते कळेपर्यंत मी इथून हलत नाही.

तुम्हा दोघांची माया अशीच पाठीशी असू दे.
तुझा,
भोवरा