बाकावरच्या दोघी

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे सुखरूप आहेत, एवढं आधी वाच आणि मग खाली बसून पुढचं वाच. फोन केला नाही, कारण हे सारखे घरातच आहेत आणि जे सांगायचंय ते यांच्यासमोर बोलायची माझी छाती नाही.

मंगळवारी दुपारी एका इमारतीच्या वॉचमनचा फोन आला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या दोघांपैकी एकजण वरून पडला, दुसरा त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलाय, लगेच या. कोण पडला, ते त्या बाबाला सांगता येईना. दोघांचे कपडे सारखे, नावं त्याला ठाऊक नाहीत, आणि यांचा फोन हत्यारांच्या पेटीत वाजतोय. कामावर दोघंच होते, हे आणि यांचे जोडीदार, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात. मी धावतपळत दवाखान्यात पोचले तर मास्तरीणबाई आधीच बाकावर बसलेल्या. त्यांनाही काही कळलं नव्हतं. मी शेजारी टेकले.

ताई, मी डोळे मिटले आणि मागितलं. उठताबसता देवाला हाक मारणारी मी, पण असं कधी मागितलं नव्हतं. माझा नको, देवा, माझा नको, एवढंच. दोघांतला माझा नको म्हणजे कुणाचा चालेल, हे मला कळत होतं. कळत असूनही मी थांबले नाही.

मग दार उघडलं आणि हे स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आले. बाही रक्ताने भरलेली, पण रक्त यांचं नव्हतं. मी उभी राहिले आणि हसले गं. मोठ्याने हसले. "ऐकलंस रे देवा," म्हणाले. आणि ती शेजारी बसलेली.

मास्तर अजून शुद्धीवर नाहीत. हे जेवत नाहीत, नुसते भिंतीकडे बघतात. मी हात जोडायला गेले की जीभ टाळ्याला चिकटते. मीच त्यांना खाली ढकललं असं वाटतं. काय करू ते कळव. भावजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

दि. १० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी शिलाई मशीन बंद केलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला उद्या या म्हटलं. दोनदा वाचलं, मग लिहायला बसले.

आता ऐक, वेडाबाई. मास्तर पडले तेव्हा तू घरी भांडी घासत होतीस. देवाला हाक मारलीस ती नंतर. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. शाळेत असताना गणिताची परीक्षा रद्द होऊ दे म्हणालीस आणि बाई आजारी पडल्या, तेव्हाही तू असाच घोळ घालून आठवडाभर रडलीस. देवाचं काय दुकान आहे, की तुला दिलं म्हणून तिच्या वाटणीचा माल संपला?

हसलीस ते मात्र मलाही बोचलं, खोटं कशाला बोलू. त्यावर माझ्याकडे औषध नाही. देवाधर्मातलं मला तुझ्याएवढं कळत नाही, माणसांचं सांगते. डबा घेऊन जा आणि तिच्या शेजारी बस. हाकललं तर ऊठ, दुसऱ्या दिवशी परत जा. जावईबापूंना जबरदस्तीने का होईना, दोन घास भरव.

स्वतःला जप.

तुझी,
ताई

दि. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेले एकदाची. आधी एकदा दारापर्यंत जाऊन डब्यासकट परत आले, तेही लिहून टाकते, नाहीतर मला शूर समजशील.

मास्तरीणबाई त्याच बाकावर होत्या. डबा घेऊन बाजूला ठेवला, सरकून मला जागा दिली. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते, उद्या सकाळी डोक्याचं ऑपरेशन, पुढचं काही सांगता येत नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"त्या दिवशी मीही तेच मागत होते," त्या म्हणाल्या. "तुझ्याइतकंच जीव तोडून. त्याने तुझं ऐकलं. आता माझ्यासाठी तू माग."

मला वाटलं टोमणा मारला. मान वर करून पाहिलं, तर टोमणा नव्हता गं. शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तसं सरळ मागत होती बाई. शिव्या घातल्या असत्या तर मी मुकाट्याने ऐकून घेतल्या असत्या, त्याची तयारी करूनच गेले होते. याची नव्हती.

मनगट काही त्या सोडेनात. शेवटी मी डोळे मिटले. मग म्हणाले, मास्तरांना वाचव. मास्तरीणबाईंना ऐकू जाईल असं म्हणाले, पुन्हापुन्हा म्हणाले. आणि ताई, यांच्यासाठी वाटली होती तेवढीच भीती वाटली, तसूभर कमी नाही. डोळे उघडले तेव्हा दोघींचेही चेहरे भिजलेले होते.

लोभ आहेच, तो वाढवायला मी सांगत नाही. दुसरंच मागते. हे पत्र तुला मिळेल तोवर ऑपरेशन झालेलं असेल. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, तू म्हणतेस तसं. तरीही माग. तुला काय म्हणायचं ते सुचणार नाही, माहीत आहे मला. नुसतं मास्तर म्हटलंस तरी त्याला कळेल.

तुझी,
धाकटी