जिन्यातला आरसा

३१ मार्च, संध्याकाळ

लोकांच्या सवयी बदलणारी आमची चार टेबलांची कंपनी! आज वर्षाचा आढावा झाला. वर्षभरात केलं काय, तर कामठीच्या एका इमारतीत जिन्याच्या कोपऱ्यात आरसा लावला. स्वतःचं तोंड दिसलं की माणूस खर्रा खाऊन थुंकणार नाही म्हणे. लोक आता त्या आरशात भांग पाडतात आणि शेजारी थुंकतात. साहेब म्हणाले, "थांबून तर राहिले ना लोकं? हाच बदल!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही? हो, मीही.

उरलेला आरसा आमच्याच जिन्यात टांगलाय. घरी जाताना साहेब त्याच्यासमोर थांबले, मिशी नीट केली आणि खाली कोपऱ्यात पचकन थुंकले. मग मला म्हणाले, "पुढच्या साली मोठा आरसा लावू वं."

लावा की. तुम्ही नखशिखांत दिसाल.